छत्तीस घरांचा पाट

“तेजलच्या आई, जरा थांबता?” बालवाडी सुटल्यावर निमसेबाईंनी मला दारातच गाठलं. “तिला रंग नीट दिसतात का, एकदा दाखवून घ्या. निळ्याला हिरवं म्हणते.”

मी हसले. चांगली तोंडभरून हसले.

“बाई, पैठणीवाल्याची नात आहे ती! बोलायला लागायच्या आधीपासून रेशमात लोळतेय.”

“ते असेल हो. तरी पण.”

“तुम्हाला चिडवत असेल. घरी आम्हालाही चिडवते.”

बाई वर्गाकडे वळल्या. जुलै महिना होता. मी तेजलचं बोट धरलं, तिच्या दप्तराचा बंद सरळ केला आणि निघाले.

मी बेफिकीर आई होते असं कुणी समजू नये. द्राक्षाचे चार तुकडे करून देणारी, मुलीला दोन शिंका आल्या की थर्मामीटर शोधणारी बाई मी. हेमंत, माझा नवरा, म्हणायचा, “तुझं बी.एस्सी. आमच्या घराला भोवलंय. हिला हवेत जंतू दिसतात.” पण रंगांच्या बाबतीत कुणी आम्हाला शिकवावं? येवल्यातल्या आमच्या घरात पुढच्याच खोलीत माग होता. माझे सासरे, आबा, चव्वेचाळीस वर्षं पैठणी विणत होते. त्यांनी पदरावर विणलेल्या मोराला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं.

हेमंत नाशिकच्या कारखान्यात असायचा, शनिवारी यायचा. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यामुळे आठवडाभर घरात आबा, मी आणि पाच वर्षांची तेजल. सासूबाईंचं काम माझ्याकडे आलं होतं, ते म्हणजे तिल्ल्या भरायचं. तिल्ली म्हणजे रेशीम गुंडाळलेली बोटभर काडी. पदरावर मोर काढायचा तर प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली लागते. आबांच्या उजव्या हाताला भिंतीवर एक लाकडी पट्टी होती, तिच्यावर सहा खुंट्या. पहिल्या खुंटीवर हिरवा, मग लाल, पिवळा, निळा, जांभळा, शेवटी पांढरा. हा क्रम सासूबाईंनी लावलेला. आबा मान न वळवता हात न्यायचे आणि हवा तो रंग हातात यायचा. लग्नानंतर एकदा मी जांभळा पांढऱ्याच्या जागी टांगला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “कल्याणी, घरात काहीही इकडचं तिकडे कर, मी बोलणार नाही. ही पट्टी मात्र हलवायची नाही.”

मी हलवली नाही. रोज सकाळी भरलेल्या तिल्ल्या त्याच खुंट्यांवर टांगत राहिले.

त्या उन्हाळ्यात आबांनी नातीसाठी एक खेळ काढला होता. जेवायचा जुना पाट उलटा केला, त्याच्या पाठीवर कात्रीच्या टोकानं सहा गुणिले सहा अशी छत्तीस घरं आखली. बोरूचे पेरभर तुकडे केले आणि त्यांच्यावर उरलंसुरलं रेशीम गुंडाळलं. सहा रंग, प्रत्येकी सहा सोंगट्या. सगळ्या एका पिशवीत. डोळे मिटून एक काढायची, पाटावर हव्या त्या घरात ठेवायची. एका रंगाच्या तीन सोंगट्या ओळीत आल्या, आडव्या, उभ्या किंवा तिरक्या, की ज्यानं ओळ पुरी केली त्यानं त्या उचलायच्या. पिशवी संपली की ज्याच्याकडे जास्त तो जिंकला. ऐकायला सोपं. पण दोन लाल शेजारी ठेवून बसलात की पुढचा लाल समोरच्याच्या हातात येणार, हे तेजलला दोन दिवसांत कळलं आणि मला आठवडा लागला.

दुपारचं जेवण झालं की त्यांचा डाव सुरू.

“आबा, डोळे मिटा. पूर्ण.”

“मिटलेत गं बाई.”

“डावा उघडा आहे थोडासा.”

“तो तसाच असतो. म्हातारा झालाय.”

“मग हातानं झाका!”

मी भांडी घासता घासता हे ऐकायची आणि मला फार बरं वाटायचं. आजोबा आहेत, नात आहे, टीव्ही बंद आहे. ह्याहून काय हवं?

दिवाळीच्या सुट्टीआधी चित्रांची वही घरी आली. तेजलनं आमचं घर काढलं होतं. दारात झाड, वर आकाश. झाड निळं, आकाश हिरवं. खाली निमसेबाईंनी काही लिहिलं नव्हतं. पेन्सिलीनं एक बारीकसं प्रश्नचिन्ह मात्र काढलं होतं.

मी ती वही दिव्याखाली नेऊन पुन्हा पाहिली. जुलैपासून चार महिने मी हसत बसले होते.

दुसऱ्या दिवशी डावाच्या वेळी मी मेथी निवडायला मुद्दाम त्यांच्यासमोर बसले. खिडकीतून पाटावर चांगलं ऊन येत होतं. तेजलनं पिशवीतून सोंगटी काढली. निळी. मी अगदी नीट पाहिली, निळीच. तिनं पाटभर नजर फिरवली आणि ती दोन हिरव्यांच्या शेजारी ठेवली.

“ओळ! आबा, ओळ झाली!”

आबा वाकले. “झाली की. घे, उचल.”

तिनं तिन्ही उचलल्या. मग आबांनी काढली. तीही निळी. त्यांनीही ती हिरवीच्या कडेला नेऊन ठेवली. मला वाटलं, नातीचं मन राखतायत.

“आबा, तिला चुकीचं का शिकवता?” मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा.

“काय चुकीचं?”

“निळा होता ना तो.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. पाटाकडे नाही, माझ्याकडे. “खेळ आहे गं. खेळात चालतं,” म्हणाले आणि सोंगट्या पिशवीत भरू लागले. तेजल माझ्याकडे असं बघत होती, की जणू मीच कुणाचं तरी काहीतरी मोडलं.

संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात धरलं.

“हे झाकण कुठल्या रंगाचं?”

“निळं.”

“आणि ही मेथी?”

“आई, मी काय बाळ आहे?”

“सांग ना.”

“हिरवी! हि-र-वी. आणि तुझा गाऊन निळा, आणि त्याच्यावर हळद पडलीये.”

तिल्ल्यांची टोपली समोर ठेवली. एकही चुकली नाही. मोरपंखी आणि गर्द हिरव्यात मी स्वतः कधी कधी गडबडते, तेही तिनं वेगळे करून दाखवले.

आता भीतीच्या जोडीला मला वेगळंच काहीतरी होऊ लागलं. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर अनोळखी काही दिसलं की व्हायचं तसं. हे असं का होतंय? मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला टिपणं काढायला लागले. सकाळचा उजेड, बरोबर. दिव्याचा उजेड, बरोबर. माझ्याशी पाटावर खेळताना, बरोबर. हेमंतशी, बरोबर, वर बापाला हरवून त्याच्या पाठीवर बसली. आबांशी, चूक. पुन्हा आबांशी, चूक. वाटलं, लबाडी करते का? जिंकण्यासाठी? मग कोण किती वेळा जिंकतं ते मोजलं. आठ डावांत सहा वेळा आबा जिंकले होते. हरण्यासाठी कुणी लबाडी करतं का?

हेमंत म्हणाला, “अगं, पोरगी धडधाकट आहे. तुला सुट्टीत काम नाही.”

“मग चित्रात आकाश हिरवं का?”

“मी लहानपणी हत्तीला सहा पाय काढले होते. मला कुणी नेलं नाही कुठं.”

“न्यायला हवं होतं,” मी म्हटलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

नाशिकला डॉक्टरांनी तेजलसमोर रंगीत ठिपक्यांची पुस्तिका धरली. ठिपक्यांत आकडे लपवलेले असतात. ती धडाधड वाचत गेली. बारा. आठ. सहा. एका पानावर मीच अडखळले, तिनं सांगून टाकलं.

“तुमच्यापेक्षा चांगले डोळे आहेत तिचे,” डॉक्टर हसून म्हणाले. “घेऊन जा.”

बाहेर बाकावर हेमंतची वाट बघत बसलो. मी तिला राजगिऱ्याची वडी दिली आणि उगाचच, म्हणजे उत्तराची आशा न धरता, विचारलं, “मग आबांशी खेळताना निळं हिरवं कसं होतं गं?”

“आबांशी ते हिरवंच असतं.”

“म्हणजे?”

ती वडी चाटत राहिली. मग म्हणाली, “आधी मी सांगितलं होतं, आबा हे निळं आहे. तर आबा गप्प झाले. मग त्यांनी पाट भिंतीला लावून ठेवला आणि दोन दिवस खेळलेच नाहीत. जेवले पण थोडंसंच. मग मी म्हटलं, हो आबा, हिरवंच आहे.”

“आणि शाळेत? बाईंना का तसं सांगितलंस?”

“सवय करत होते. मध्येच विसरले आणि आबांसमोर निळं म्हटलं तर?”

“आणि ते चित्र?”

“ते बाईंनी घरच्या माणसासाठी काढायला सांगितलं होतं. मी आबांसाठी काढलं. त्यांना तसं दिसतं ना.” मग एकदम माझ्याकडे वळून, “आई, तू आबांना सांगणार नाहीस ना?”

वडीचा चिकट गूळ तिच्या मनगटापर्यंत लागला होता. मी तो पुसलासुद्धा नाही. पाच महिने एक पाच वर्षांची मुलगी आपले चांगले डोळे आजोबांच्या डोळ्यांसारखे करून घेत होती. आणि मी रोज सकाळी उठून त्या खुंट्यांवर रंग बरोबर जागी टांगत होते. आबांचा हात चुकणार कसा? चुकायला मी जागाच ठेवली नव्हती.

आबांना सरळ विचारलं असतं तर त्यांनी “दिसतंय सगळं” म्हटलं असतं. ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तेजलला तिच्या मैत्रिणीकडे खेळायला पाठवलं, तिल्ल्या भरल्या आणि सासूबाईंनी बजावल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते केलं. निळा पहिल्या खुंटीवर टांगला, हिरवा चौथ्या.

आबा मागावर बसले. पदरावर मोराचे पाय, पोट झालं होतं. मान सुरू व्हायची होती. त्यांचा हात उजवीकडे गेला, चौथ्या खुंटीवरची तिल्ली घेऊन आला. मी दारात उभी होते. एक धागा. दुसरा धागा. फणी ठोकली. मोराला हिरवी मान फुटू लागली.

थांबवावं असं दहादा वाटलं. तासाभरात बोटाच्या पेराएवढी मान झाली. आबा मध्येच पानाची चंची उघडून सुपारी तोंडात टाकत होते, गुणगुणत होते. मग एकदम त्यांची बोटं थांबली. तिल्लीवरचं रेशीम त्यांनी अंगठ्याखाली घोळवलं. पुन्हा घोळवलं.

“सूनबाई.”

“काय आबा?”

“ह्या खेपेचं निळं भरड आलं होतं. हे मऊ लागतंय.”

माझी नजर पट्टीकडे गेली.

“पट्टी हलवलीस तू,” ते म्हणाले. चिडून नाही. पाऊस येईल म्हणावं तसं.

“आबा, मोराची मान कुठल्या रंगाची झालीय?”

ते वाकले. इतके, की नाक धाग्यांना टेकेल. मग मान वाकडी करून, एकाच डोळ्यानं, कडेनं पाहिलं. मग सरळ बसले.

“तू सांग.”

“हिरवी.”

आबांनी तिल्ली खाली ठेवली.

“कधीपासून, आबा?”

“गेल्या संक्रांतीपासून. आधी वाटलं, बल्ब मंद झालाय. दोनदा बदलला मी, बघितलंस ना तू. मग डावीकडून माणूस आलं तर एकदम अंगावर आल्यासारखं वाटायला लागलं.”

“अहो, मग सांगायचं नाही का?”

“काय सांगू? डॉक्टर म्हणणार, मागावरून उठा. उठून करू काय? देवळाच्या पायरीवर बसू?” त्यांनी पट्टीकडे हात केला. “तिनं खुंट्या लावून दिल्यात, तू भरून टांगतेस, माझा हात चालतोय. कुणाचं काय अडलंय?”

“तेजलचं अडलंय.”

“तिचं काय?”

मी सांगितलं. बाकावरचं सगळं, वडीसकट. आबा ऐकत होते आणि त्यांचं तोंड हळूहळू उघडत होतं.

“म्हणजे ते निळं-हिरवं तिला कळत होतं?”

“पहिल्यापासून.”

“एकदा निळं म्हणाली होती, मग स्वतःच हिरवं म्हणायला लागली. मला वाटायचं, पोरीला अजून समजत नाही. म्हटलं बरंय, दोघं सारखेच.” ते थांबले. “आणि मी जिंकत होतो ते?”

“ती हरत होती.”

“चोर कुठली!” आबा मोठ्यानं हसले. मग पंचा तोंडाला लावला.

थोड्या वेळानं पंच्याआडूनच म्हणाले, “कधी जायचं म्हणतेस?”

“उद्या.”

“मग आधी ही मान उसव. तू घातलीस, तूच काढायची. धागा तुटला तर याद राख.”

दुपारभर मी पेरभर हिरवं रेशीम उसवत बसले होते, आणि ते डोक्याशी उभं राहून, नीट काही दिसत नसताना, “हळू, हळू” करत होते.

डॉक्टर तेच होते. आबांना त्यांनी तासभर ह्या यंत्रावरून त्या यंत्रावर बसवलं. बाहेर येऊन म्हणाले, “दोन गोष्टी आहेत. मोतीबिंदू पिकलाय, त्यानं रंग बदलले. तो काढता येईल, निळं परत निळं दिसेल. पण आत दाबही वाढलाय. काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू जवळजवळ गेलीय. ती परत येत नाही. उजवा अजून चांगला आहे. थेंब चुकवले नाहीत तर राखता येईल.”

“म्हणजे मागावर?” आबांनी विचारलं. दवाखान्यात शिरल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले होते.

“बसा की. उजेड चांगला घ्या. थेंब मात्र दोन वेळा, रोज, न चुकता.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. इतके महिने ते ज्या वाक्याला घाबरून गप्प बसले होते, ते वाक्य डॉक्टरांकडे नव्हतंच.

आबा आणि हेमंत पुढे गेल्यावर मी मागे रेंगाळले. “डॉक्टर, जुलैमध्ये आणलं असतं तर?”

त्यांनी फाइल बंद केली. “काहीतरी वाचलं असतं. किती, ते मला सांगता येणार नाही.”

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आबांनी पाट मागवला. “आता नीट खेळायचं,” नातीला दम दिला. ती नीट खेळली. अशी नीट, की तीन डाव ओळीनं हरल्यावर आबा म्हणाले, “आधीची तेजल बरी होती.” उजव्या डोळ्याच्या जोरावर त्यांनी पुढे नऊ वर्षं माग चालवला. डाव्या बाजूला बसलेलं माणूस त्यांना शेवटपर्यंत दिसलं नाही. मी त्या बाजूला बसले की आधी हाक मारायची.

आता तेजल कॉलेजात आहे. परवा तिनं विचारलं, “आई, तेव्हा निमसेबाईंचं तू ऐकलं का नाहीस?” मी म्हटलं, मला वाटलं त्या तुझ्याच डोळ्यांबद्दल बोलतायत. ती म्हणाली, “मग तर लगेच ऐकायला हवं होतंस.”

तुमच्याकडेही असं एखादं माणूस असेल. आई, वडील, सासरे, कोपऱ्यावरचे टेलरकाका. ज्यांचा हात कधी चुकत नाही, म्हणून ज्यांच्याकडे कुणी नीट बघत नाही. हे वाचून झालं की त्यांच्याकडे जा. शेजारी बसा. आधी एक डोळा झाकायला सांगा, मग दुसरा, आणि समोर काय दिसतंय ते विचारा. “दिसतंय की सगळं,” असंच म्हणतील. तेवढ्यावर उठून येऊ नका. काय काय दिसतंय, ते त्यांना एकेक करून सांगायला लावा.